पीअर इन्स्ट्रक्शन

कॉलेजच्या वर्गात लेक्चर मध्येच थांबवून विद्यार्थ्यांना एकमेकांना समजावून सांगायला लावायची पद्धत. मराठीत 'सहाध्यायी अध्यापन' म्हणता येईल, पण बोलताना तसं कोणी म्हणत नाही. हार्वर्डमधले फिजिक्सचे प्राध्यापक एरिक माझूर यांच्या नावाने ती ओळखली जाते. फिजिक्सच्या बाहेर बायोलॉजी, गणित, कॉम्प्युटर सायन्समध्येही वापरतात.

सर थोडा वेळ शिकवतात, मग आकडेमोड नसलेला एक बहुपर्यायी प्रश्न टाकतात, मुलं मिनिट-दोन मिनिटं गप्प बसून एकट्याने विचार करतात आणि मत देतात, आधी फ्लॅशकार्ड वर धरून द्यायची, मग क्लिकर (बटण दाबून मत द्यायचं हातातलं यंत्र) आले, आता मोबाईल. बरोबर उत्तरं साधारण ३५ ते ७० टक्क्यांच्या मध्ये असली तर वेगळं उत्तर दिलेला शेजारी गाठून त्याला पटवायचं आणि परत मत द्यायचं. त्याहून कमी आली तर सरांनी मुद्दा पुन्हा शिकवायचा, जास्त आली तर पुढे जायचं. पहिलं मत मात्र गुपचूपच हवं. ते गाळलं की उरतो तो नुसता ग्रुप डिस्कशन, जिथे एक हुशार बोलतो आणि बाकीचे माना डोलावतात.

प्रश्न कसला असतो ते माझूर यांच्याच एका गाजलेल्या उदाहरणावरून कळतं. तीन सारखे बल्ब एका बॅटरीला सिरीजमध्ये जोडलेत, तिसऱ्या बल्बला पॅरलल एक स्विच आहे, तो बंद केला (म्हणजे सर्किट पूर्ण केलं) तर काय होईल? तिसरा विझतो, कारण करंटला फुकटची वाट मिळाली, आणि पहिले दोन जास्त उजळतात, बॅटरीतून निघणारा करंट दीडपट होतो. किर्चहॉफचे (सर्किटमधल्या करंट-व्होल्टेजचे) नियम लावून दोन लूपचं किचकट गणित पानभर सोडवणारी मुलं इथे अडखळली, आणि माझूर यांना खटकलं ते हेच. (आपल्याकडे गाइड पाठ करून पेपर सोडवणाऱ्यांना यात नवल वाटू नये.)

उगम कुठला यावर बरीच मतं आहेत. काहीजण थेट मद्रासपर्यंत जातात. तिथल्या अनाथ मुलांच्या शाळेत अँड्र्यू बेल यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस मोठ्या मुलांकडून लहानांना शिकवून घेतलं, वाळूत बोटाने अक्षरं गिरवायची रीत त्यांनी मलबारी शाळेत पाहिली होती, म्हणजे आपल्या पंतोजींच्या शाळेतली धूळपाटीच. १७९७ मध्ये त्यांनी यावर लिहिलं, लंडनमध्ये जोसेफ लँकेस्टर यांनी जवळपास तीच पद्धत चालवली आणि आधी कोण यावरून दोघांच्या समर्थकांत जुंपली. पण तिथे ज्याला येतं तो न येणाऱ्याला शिकवायचा, इथे दोघंही चाचपडत असतात, त्यामुळे हे नातं ओढूनताणून जोडलेलं वाटतं. 'थिंक-पेअर-शेअर' (आधी एकट्याने विचार, मग जोडीत चर्चा, मग वर्गासमोर मांडणं) जवळचं आहे, फ्रँक लायमन यांनी ते १९८१ मध्ये मेरीलँडला मांडलं, फक्त त्यात मतदान नाही.

सुरुवातीचं साल बहुतेक ठिकाणी १९९१ दिलेलं असतं आणि ते धरायला हरकत नाही. मात्र खुद्द माझूर यांनी मुलांना संकल्पनांची चाचणी दिली ती १९९० च्या सुमारास. ही चाचणी म्हणजे 'फोर्स कॉन्सेप्ट इन्व्हेंटरी' (बल आणि गती यांची समज तपासणारी) असं सरसकट लिहितात, पण त्या नावाची चाचणी १९९२ मध्ये छापून आली, म्हणून पहिल्यांदा वापरलेली हालून आणि हेस्टेनिस यांची १९८५ ची जुनी आवृत्ती असावी हे जास्त पटतं. माझूर यांचं या पद्धतीवरचं पुस्तक १९९७ चं.

परिणाम मोजायला 'नॉर्मलाइज्ड गेन' वापरतात, म्हणजे जेवढं यायचं बाकी होतं त्यातलं किती आलं. शंभरपैकी आधी ७० आणि नंतर ८५ मार्क असतील तर गेन ०.५. रिचर्ड हेक यांनी १९९८ मध्ये ६२ कोर्समधल्या सहा हजारांवर विद्यार्थ्यांचे आकडे मांडले, नुसत्या लेक्चरला सरासरी ०.२३ आणि मुलांना बोलतं करणाऱ्या वर्गांना ०.४८. कच्ची मुलं शेजाऱ्याचं उत्तर उचलतात हा आक्षेप मात्र रास्त होता. कोलोरॅडोत २००९ मध्ये तो तपासला, चर्चेनंतर त्याच धर्तीचा दुसरा प्रश्न एकट्याने सोडवायला दिला, तर ज्या गटांत आधी बहुधा कोणालाच उत्तर येत नव्हतं त्यांचीही सुधारणा दिसली.

मुलांना स्वतःला हे पटतंच असं नाही. हार्वर्डच्या २०१९ च्या एका अभ्यासात अशा प्रकारच्या वर्गात बसलेल्यांना मार्क जास्त पडले, पण आपण कमी शिकलो असं त्यांचं म्हणणं होतं, छान रंगवलेल्या लेक्चरनंतर सगळं समजल्यासारखं वाटतं ना, तसं इथे वाटत नाही.

भारतात आयआयटी मुंबईत प्रोग्रॅमिंगच्या पहिल्या वर्षाच्या मोठ्या वर्गावर केलेला, २०१३ मध्ये छापलेला अभ्यास आहे, पण तो थिंक-पेअर-शेअरचा. त्यात सरासरी ८३ टक्के मुलं कामात गुंतलेली आढळली. परीक्षेच्या आदल्या रात्री हॉस्टेलच्या खोलीत एकजण चौघांना समजावतो तो प्रकार या नोंदीत धरलेला नाही, तिथे आधी मत घेत नाहीत.