तपासून देणं वेगळं, लिहायला शिकवणं वेगळं

घरातून पहिल्यांदाच कॉलेजात पोचलेल्या मुलांना लेखनात मदत करणारे शिक्षक, स्वयंसेवक, गावच्या वाचनालयाचे कार्यकर्ते भेटले की एक वाक्य हमखास कानावर येतं : ‘आम्ही मुलांना लेखनाचं मार्गदर्शन करतो, त्यांचे निबंध, अर्ज तपासून देतो.’ स्वल्पविरामाच्या अलीकडचं आणि पलीकडचं काम एकच आहे, असं धरूनच हे बोललं जातं. रविवारच्या लेखनवर्गात गेली कितीतरी वर्षं मी दोन्ही कामं करत आले आहे. ती एक नाहीत. एकाच्या नावावर दुसरं खपतं आणि त्याची किंमत मुलं मोजतात, म्हणून हे लिहिते आहे.

तपासणं म्हणजे काय हे कुणाला सांगायला नको. ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार, जोडाक्षरं, विरामचिन्हं, मोडलेलं वाक्य सांधणं. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम शासनाने १९६२ मध्ये मान्य केले, १९७२ मध्ये त्यात ४ नियमांची भर पडली. हे १८ नियम आणि हाताशी एक चांगला शब्दकोश एवढ्यावर बहुतेक तपासणी निभते. फक्त या कामाला ‘शुद्धलेखन’ म्हणणं मला खटकतं. ‘शुद्ध’ म्हटलं की ‘व्हतं’ म्हणणारी आजी अशुद्ध ठरते आणि मूल पहिल्या दिवशीच तोंड मिटून घेतं. ‘प्रमाणलेखन’ हा शब्द नेमका आहे, तो वापरावा.

या दोन कामांमधले बाकीचे फरक फुटकळ आहेत. तपासायला वीस मिनिटं पुरतात, शिकवायला महिने जातात. तपासणी घरी बसून होते, शिकवायला समोरासमोर बसावं लागतं. शाई लाल असावी की हिरवी, शेरा गोड असावा की कडक, हे वाद तर मी बाजूलाच ठेवते. हिरव्या शाईतही मुलाचं वाक्य तितकंच खोडलं जातं.

खरी गफलत वेगळीच आहे आणि ती चांगल्या, मनापासून राबणाऱ्या माणसांची होते. त्यांना वाटतं, ऱ्हस्व-दीर्घ पाहिलं तर ती तपासणी आणि आशयात शिरलो तर ते शिकवणं. म्हणून ती अभिमानाने सांगतात, ‘आम्ही नुसत्या चुका काढत नाही, मुद्देही सुचवतो.’ पण मुद्दे सुचवणं हीसुद्धा तपासणीच, अगदी आशयाची झाली तरी. सीमारेषा भाषा आणि आशय यांच्यामधून जातच नाही. कागदावर काय राहील आणि काय जाईल हे कोण ठरवतं, हा खरा प्रश्न आहे. मदतनीस ठरवत असेल तर ती तपासणी. मूल ठरवत असेल, आणि ठरवता यावं म्हणून आपण त्याला काही पुरवत असू, तर ते शिकवणं.

एक उदाहरण देते. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातला एक मुलगा शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी स्वतःविषयी एक पान लिहून घेऊन आला. पहिलं वाक्य होतं : ‘माझी कौटुंबिक परिस्थिती अत्यंत हलाखीची असून मला शिक्षणाचे महत्त्व पटलेले आहे.’ लेखननियमांची एकही चूक नाही. माझ्या एका सहकाऱ्याने समासात लिहिलं, ‘इथे आईच्या कष्टांचा उल्लेख घाल. शेवटी समाजाचं ऋण फेडण्याबद्दल दोन ओळी लिही.’ मुलाने दोन्ही गोष्टी निमूटपणे घातल्या. पान भरलं, बरं दिसू लागलं आणि त्या महिन्यात आलेल्या बाकीच्या सगळ्या पानांसारखंच झालं. सहकाऱ्याला वाटलं, आज आशयावर काम झालं. खरं तर मुलाने फक्त दोन हुकूम पाळले होते.

पुढच्या रविवारी तेच पान मधे ठेवून आम्ही बसलो. मी एवढंच विचारलं, ‘हलाखीची म्हणजे कशी? तुमच्याकडे कधीही न आलेल्या माणसाला डोळ्यांपुढे दिसेल असं एक काहीतरी सांग.’ बराच वेळ तो गप्प होता. मग सांगू लागला. घरातला एक कोयता, म्हणजे ऊस तोडणारी एक जोडी : आई आणि वडील. दिवाळीनंतर दोघं टोळीबरोबर जातात, हा आजीजवळ राहतो. दहावीच्या वर्षी पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, तरी मुकादमाकडून आधी घेतलेली उचल फिटली नव्हती. बाकी पुढच्या हंगामावर चढली आणि त्याच मुकादमाकडे पुन्हा जावं लागलं. त्या आकड्यांचा हिशेब वहीत हाच मांडत असे, कारण घरात लिहिता येणारा तो एकटा. आईच्या आजारपणाबद्दलही तो बोलला. सगळं सांगून झाल्यावर त्याने विचारलं, ‘असलं लिहायचं असतं का, मॅडम?’

इथे माझ्या जिभेवर ‘हो, लिही ना’ आलं होतं. आलं होतं म्हणूनच हा क्षण मला महत्त्वाचा वाटतो. मी म्हटलं, ‘वाचणारा तुला ओळखत नाही. त्याला यातलं काय कळायला हवं आणि काय तुझ्याजवळ राहायला हवं, हे तू ठरव.’ त्याने हिशेबाची वही पानात घेतली आणि आईचं आजारपण सोडलं. ते त्याला परक्यापुढे मांडायचं नव्हतं. माझ्या सहकाऱ्याने आईबद्दल काय घालायचं ते सांगितलं होतं. आईबद्दल काय बाहेर ठेवायचं, ते आता मुलाने विचार करून ठरवलं. पान आधीपेक्षा आखूड झालं. त्यात दोन ठिकाणी ‘आणी’ होतं. ते शेवटी, पान पक्कं झाल्यावर, त्याने स्वतः शोधून दुरुस्त केलं.

नंतर आणखी एका तपासणाऱ्याने ‘उचल’ खोडून ‘अग्रिम रक्कम’ लिहिलं. तिथे मात्र मी अडून बसले. उचल म्हणजे नुसती आगाऊ रक्कम नव्हे. तिच्यात मुकादम आहे, हंगाम आहे, न फिटलेली बाकी आहे. ‘अग्रिम रक्कम’ तर कचेरीतल्या कुणालाही मिळते.

हा फरक माझ्या एकटीच्या अनुभवावर उभा नाही. अमेरिकेत लेखनाच्या अध्यापनावर १९६०च्या दशकापासून पुष्कळ संशोधन झालं आहे. त्यातल्या एक अभ्यासक नॅन्सी सॉमर्स यांनी १९८०च्या लेखात विद्यार्थी आणि अनुभवी लेखक मसुदा कसा बदलतात ते पाहिलं. विद्यार्थ्यांच्या लेखी बदल म्हणजे शब्द बदलणं. अनुभवी लेखक आपल्या म्हणण्याचा आकारच शोधत होते, गरज पडली की मोठे तुकडे हलवत होते, काढत होते. १९८२ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसोबत ३५ शिक्षकांनी दिलेले शेरे तपासले. हाती आलेल्या दोन गोष्टी आपल्याकडच्या कुठल्याही स्टाफरूमला लागू पडतील. पहिली, शेरे विद्यार्थ्याचं लक्ष त्याच्या स्वतःच्या म्हणण्यावरून उठवून शिक्षकाला काय हवंय त्याकडे वळवतात. दुसरी, बहुतेक शेरे त्या विशिष्ट लेखनाबद्दल नसतातच. एका कागदावरून उचलून दुसऱ्यावर रबरी शिक्क्यासारखे उमटवावेत इतके ते सरधोपट असतात.

‘भाषा सुधारा.’ ‘मुद्दा स्पष्ट करा.’ ‘मांडणी विस्कळीत.’ पीएच.डी.च्या प्रकरणांवर मार्गदर्शकांनी लिहिलेले असे शेरे घेऊन संशोधक विद्यार्थी माझ्याकडे येतात. कुठला मुद्दा, कुणाला कळला नाही, कुठल्या वाक्यापाशी वाचणारा अडला, यातलं एकही अक्षर नसतं. असे शेरे लिहिणं थांबवावं, असं माझं स्पष्ट मत आहे. ‘तिसऱ्या परिच्छेदात तुम्ही ग्रामसभा म्हणता तेव्हा गावातले सगळे मतदार धरता की फक्त हजर असलेले, मला कळलं नाही’, असं एक वाक्य त्या तिन्हींपेक्षा उपयोगाचं आहे, कारण त्याचं उत्तर विद्यार्थ्यालाच द्यावं लागतं.

सॉमर्स यांनी टिपलेली आणखी एक गोष्ट मला रोज दिसते. एकाच पानावर वाक्याची दुरुस्तीही असते आणि ‘हा परिच्छेद वाढवा’ असा शेराही असतो. विद्यार्थी गोंधळतो. हे वाक्य राहणार असेल तरच ते दुरुस्त करण्यात अर्थ आहे. परिच्छेद नव्याने लिहायचा असेल तर आजची दुरुस्ती वाया. म्हणून माझ्या वर्गात पहिल्या मसुद्यावर ऱ्हस्व-दीर्घाची एकही खूण होत नाही. यावर माझं पालकांशी वाजतं, पण मी बदलत नाही.

आता आकडे. स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन यांनी २००७ मध्ये चौथी ते बारावीच्या मुलांवरच्या लेखनप्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. आखणी, पुनर्लेखन, संपादन यांच्या पायऱ्या उघड करून शिकवायच्या आणि मग हळूहळू हात काढून घ्यायचा, या पद्धतीचा परिणाम ०.८२ भरला (या मापात शून्य म्हणजे काही फरक नाही, उणे म्हणजे उलटा परिणाम). मुलांनी एकमेकांसोबत लिहिणं ०.७५. नुसतं व्याकरण वेगळं काढून शिकवण्याचा परिणाम उणे ०.३२. यावरून व्याकरण टाकून द्या, असं कुणी म्हणू नये. यातल्या बऱ्याच प्रयोगांत व्याकरणाचा तास हा तुलनेसाठी ठेवलेला गट होता आणि हे सगळं काम इंग्रजी लेखनावरचं आहे. मराठीला हे आकडे जसेच्या तसे चिकटवता येणार नाहीत. पण ‘हळूहळू हात काढून घ्यायचा’ हा भाग भाषेवर अवलंबून नाही. तपासून देणारा हात काढतच नाही. दहाव्या अर्जालाही तो पहिल्या अर्जाइतकाच लागतो.

चुकांकडे शिकवणारी व्यक्ती कशी बघते, तेही वेगळं असतं. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात १९७०पासून खुला प्रवेश सुरू झाला आणि तोवर बाहेर राहिलेली मुलं वर्गात आली. तिथल्या शिक्षिका मिना शॉनेसी यांनी त्या मुलांचे सुमारे ४,००० निबंध वाचून १९७७ मध्ये दाखवून दिलं की चुकांमागे निष्काळजीपणा नसतो, तर्क असतो. आपल्याकडचं ‘आणी’ घ्या. मराठी शब्दाच्या शेवटचा इकार किंवा उकार दीर्घ, हा नियम मुलाला पक्का ठाऊक असतो : पाटी, गहू, कवी, गुरू. तोच नियम लावून ते ‘आणी’, ‘परंतू’ लिहितं. ‘आणि’ हा अपवाद आणि ‘परंतु’ हे तत्सम अव्यय म्हणून ऱ्हस्व राहतं, एवढंच त्याला कुणी सांगितलेलं नसतं. तपासणारा वेलांटी बदलून पुढे जातो. शिकवणारी विचारते, ‘दीर्घ का केलंस?’ उत्तरात नियम मिळतो आणि एका वाक्याच्या भरीने वीस शब्द सुधारतात.

मुक्ताबाई साळवे या मुलीची इथे आठवण होते. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांच्या शाळेतली विद्यार्थिनी. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आला. आज आपण तो वाचतो ते तिने विचारलेल्या प्रश्नांसाठी : वेद ब्राह्मणांचेच असतील तर आमचा धर्म कोणता? हा प्रश्न समासात सुचवून येत नाही. लिहिणारीला तो विचारण्याची मोकळीक शाळेत मिळालेली असावी लागते.

गावविकासाचं काम करणाऱ्यांना हाच फरक दुसऱ्या वाटेने माहीत आहे. गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) हे गाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणारं ते देशातल्या पहिल्या गावांपैकी एक. ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणाही ठाऊक असते. पण तिथल्या रचनेकडे पाहावं. अभ्यासगटात बाहेरची माणसं येतात, कायदा समजावतात, चर्चा होते. निर्णय मात्र ग्रामसभा घेते, तोही सर्वसहमतीने. माहिती देणारा आणि ठरवणारा असे दोन वेगळे पाट मांडलेले आहेत. लेखनाचं मार्गदर्शन करताना मला याहून चांगला नमुना सापडलेला नाही. मुलांसाठी आपण अभ्यासगट व्हावं. ग्रामसभेच्या जागी त्यांचं त्यांनाच बसू द्यावं.

याचा अर्थ तपासून देणं कमी दर्जाचं, असा मुळीच नाही. उद्या मुदत संपत असेल तर मी मुकाट्याने पेन घेते आणि दुरुस्त करते. लिहिता न येणाऱ्या माणसाला माहिती हवी असेल तर त्याच्यासाठी लिहून देणं योग्यच आहे. माहितीच्या अधिकाराच्या २००५च्या कायद्यात कलम ६मध्ये तशी तरतूदच आहे : कुणी तोंडी मागणी केली तर ती लेखी स्वरूपात आणायला माहिती अधिकाऱ्याने मदत करायची. तिथे माणसाला माहिती मिळणं महत्त्वाचं, त्याचं लेखन नव्हे. बचत गटाचं पत्र बँकेत आजच जायचं असेल तर ते लिहून द्यावं. पण तोच गट सहा वर्षांनीही प्रत्येक पत्रासाठी त्याच ताईकडे येत असेल, तर त्याला अहवालात ‘क्षमतावृद्धी’ म्हणू नये. पत्रलेखनाची सेवा म्हणावं. सेवा म्हणण्यात कमीपणा नाही आणि मग क्षमतेचं काम अजून व्हायचं आहे, हे सगळ्यांच्या ध्यानात राहतं.

म्हणून ‘जरा तपासून द्या’ असं कुणी म्हटलं की मी आधी दोन गोष्टी विचारते. कधी द्यायचं आहे, आणि तुला यातलं कुठलं वाक्य मनातून पटत नाहीये? पहिल्याचं उत्तर ‘आज’ असेल तर तपासून देते आणि वहीत तशी नोंद करते : तपासून दिलं, शिकवणं बाकी. वेळ असेल तर पेन मुलाच्या हातात आणि कागद त्याच्या बाजूला वळवलेला. मी माझे हात मांडीवर ठेवते. टेबलावर ठेवले तर ते पेनाकडे जातात.