एलन केलीचे अठ्ठ्याऐंशी एकर

नेड केली म्हटलं की लोखंडी चिलखत घालून पोलिसांच्या गोळ्या झेलणारा ऑस्ट्रेलियन दरोडेखोर डोळ्यांसमोर येतो. ११ नोव्हेंबर १८८० रोजी मेलबर्नच्या तुरुंगात त्याला फाशी झाली. त्या दिवशी त्याची आईही त्याच तुरुंगात शिक्षा भोगत होती. तिची गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. मला ती आधी सांगावीशी वाटते, कारण या सगळ्या प्रकरणाचं मूळ जमिनीत आहे आणि जमीन एलनच्या नावावर होती.

एलन क्विन आयर्लंडच्या उत्तरेकडच्या अँट्रिम परगण्यातली. १८४१ मध्ये, नऊ-दहा वर्षांची असताना, ती आईवडील आणि भावंडांबरोबर पोर्ट फिलिपला, म्हणजे मेलबर्नच्या भागात, उतरली. मेलबर्न वसून तेव्हा जेमतेम सहा वर्षं झाली होती. प्रवासखर्च सरकारी मदतीतून झाला होता, कारण वसाहतीला मजूर हवे होते. त्याच वर्षी टिपरेरीच्या जॉन केलीला दोन डुकरं चोरल्याबद्दल सात वर्षांची शिक्षा झाली आणि त्याला जहाजात घालून टास्मानियात, तेव्हाच्या व्हॅन डीमेन्स लँडमध्ये, धाडलं गेलं. आपल्याकडे ज्याला काळं पाणी म्हणत, तसाच हा प्रकार. आयर्लंडमधून असे सुमारे चाळीस हजार कैदी ऑस्ट्रेलियात नेले गेले.

शिक्षा संपल्यावर जॉन समुद्र ओलांडून मेलबर्नच्या बाजूला आला आणि १८५० मध्ये त्याचं एलनशी लग्न झालं. पुढच्याच वर्षी व्हिक्टोरियात, म्हणजे मेलबर्न ज्या वसाहतीत आहे तिथे, सोनं सापडलं. जॉननेही खाणीवर थोडं कमावलं आणि बेव्हरिजला जमीन घेतली. तिथे त्याने १८५९ मध्ये आयरिश खेड्यातल्या धाटणीचं एक छोटं घर स्वतः बांधलं. ते घर आजही उभं आहे.

आयरिश कुळाला स्वतःच्या जमिनीची एवढी ओढ का, हे मराठी वाचकाला वेगळं समजावून सांगायला नको. मालक दूर इंग्लंडात, खंड भरायचा कुळाने, आणि खंड थकला की घरातून बाहेर. १८४५ नंतर बटाट्याचं पीक सडलं तेव्हा सुमारे दहा लाख माणसं मेली आणि जवळपास तितकीच देश सोडून गेली. त्या लोकांना परक्या मुलखात का होईना, 'आपला तुकडा' मिळणार होता.

पण व्हिक्टोरियातली चांगली जमीन आधीच वाटली गेली होती. ती ज्यांच्या हातात होती त्यांना तिकडे स्क्वॉटर म्हणत. या शब्दाने आपली गल्लत होऊ शकते. तिकडचे स्क्वॉटर झोपडीवाले नव्हते. हजारो एकर सरकारी कुरणांवर मेंढरं चारणारे ते धनाढ्य लोक होते. त्यांच्याकडची जमीन लहान शेतकऱ्यांना मिळावी म्हणून १८६० पासून एकामागून एक कायदे झाले. १८६२ चा कायदा करणारा मंत्री चार्ल्स गॅव्हन डफी हा स्वतः आयरिश होता, आणि १८४८ च्या आयरिश उठावाच्या काळात त्याच्यावर राजद्रोहाचा खटला चालला होता. त्याचा हेतू प्रामाणिक होता, याबद्दल मला शंका नाही. पण कायद्यात भोकं होती. स्क्वॉटरांनी नोकरांच्या, नातेवाइकांच्या नावांवर बेनामी अर्ज केले, नदीकाठ आणि पाणवठे तेवढे उचलले आणि कोरडा माळ बाकीच्यांसाठी सोडला.

जॉन केली या शर्यतीत मागेच पडला. अ‍ॅव्हेनेलला खंडाने घेतलेल्या चाळीस एकरांवर असताना त्याच्याकडे एका जनावराचं कातडं सापडलं. त्यावरचा मालकीच्या खुणेचा डाग कापून काढलेला होता. शिक्षा पंचवीस पौंड दंड किंवा सहा महिने सक्तमजुरी. दारूने आणि आजाराने खचलेला जॉन डिसेंबर १८६६ मध्ये वारला. मृत्यूची नोंद करायला गेला तो नेड, बारा-एक वर्षांचा.

पदरी सात मुलं घेऊन एलन ईशान्य व्हिक्टोरियात ग्रेटाला बहिणींकडे आली. तिथे १८६८ मध्ये दारूच्या नशेत तिच्याच दिराने त्यांच्या राहत्या घराला आग लावली. बायका-मुलं वाचली. दिराला न्यायमूर्ती रेडमंड बॅरी यांनी फाशी सुनावली. पुढे ती कमी होऊन पंधरा वर्षांची सक्तमजुरी झाली. हे बॅरीसाहेब या गोष्टीत पुन्हा येणार आहेत.

त्यानंतर ती राहिली इलेव्हन माइल क्रीकवर, स्वतःच्या नावाने घेतलेल्या ८८ एकरांत. एकरी वर्षाला दोन शिलिंग, म्हणजे जवळपास नऊ पौंड सरकारला भरायचे. शिवाय कुंपण, घर, नांगरट अशी एकरी एक पौंडाची 'सुधारणा' करून दाखवायची. हाताशी होती पोरं. मोठमोठी झाडं तोडायची, बुंधे उपटायचे, फाडलेल्या ओंडक्यांच्या भिंती उभ्या करून फटी मातीने लिंपायच्या, वर झाडाच्या सालीचं छप्पर. एवढं करून माती हलकीच. मग वाटसरूंना उतरायला जागा देणं, चोरून दारू विकणं, यावर घर चालायचं.

आणि कोंडवाडा होताच. कुंपणाला पैसे नाहीत, त्यामुळे गरिबाचं घोडं मोठ्या जमीनदाराच्या कुरणात शिरणार. ते कोंडवाड्यात गेलं की दंड भरून सोडवायचं, नाहीतर लिलाव. नेडने १८७९ मध्ये जेरिल्डेरीत दिलेल्या लांबलचक पत्रात ही तक्रार आहे. घोडेचोरी या मुलखात इतकी का बोकाळली, याचं निदान अर्धं उत्तर तरी इथे सापडतं.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाणं मला बरोबर वाटत नाही. हे ८८ एकर सरकारचेही नव्हते आणि स्क्वॉटरांचेही नव्हते. टाउंगुरुंग, यॉर्टा यॉर्टा अशा लोकांचा हा मुलूख. १८३८ मध्ये बेनालाजवळ ब्रोकन नदीवर त्यांनी मेंढरं घेऊन आलेल्या गोऱ्यांच्या टोळीवर हल्ला केला आणि त्याचा सूड पुढे कित्येक वर्षं त्यांच्यावर उगवला गेला. एलन आली तेव्हा ती जमीन 'रिकामी' दिसत होती, ती त्यामुळे.

१५ एप्रिल १८७८ ला अलेक्झांडर फिट्झपॅट्रिक हा शिपाई एलनच्या मुलाला, डॅनला, पकडायला घरी आला. नेडने गोळी झाडली आणि एलनने चुलीतल्या फावड्याने डोक्यात मारलं, अशी त्याची साक्ष. ऑक्टोबरमध्ये बॅरी यांनी तिला तीन वर्षांची सक्तमजुरी दिली. तान्ही मुलगी तिच्याबरोबर तुरुंगात गेली. फिट्झपॅट्रिकला पुढे पोलिसातून काढून टाकण्यात आलं, पण एलनची शिक्षा कायम राहिली.

त्याच महिन्यात स्ट्रिंगीबार्क क्रीकवर नेडच्या टोळीने केनेडी, स्कॅनलन आणि लोनिगन या तीन पोलिसांना ठार केलं. तिघेही जन्माने आयरिश. शिक्षा देणारे बॅरीही कॉर्कचे. त्यामुळे 'आयरिश विरुद्ध इंग्रज' एवढ्यावर हा संघर्ष बसवता येत नाही. व्हिक्टोरियाच्या पोलिसांत बहुसंख्य आयरिशच होते. जमिनीवर तग न धरू शकलेल्या एका घरावर पगारी नोकरी धरलेली दुसऱ्या घरची मुलं पाठवली जात होती.

नेडच्या टोळीला मदत करणाऱ्यांवर सरकारने शेवटी हत्यार उगारलं तेही जमिनीचंच. संशयितांच्या याद्या झाल्या आणि यादीतल्यांना नवी जमीन नाकारली जाऊ लागली. १८८१ च्या फेब्रुवारीत एलन सुटली तेव्हा ग्रेटाच्या परिसरात पुन्हा भडका उडेल अशी सगळ्यांना धास्ती होती. नव्याने आलेल्या रॉबर्ट ग्रॅहॅम या शिपायाने तिच्या घरी जाऊन तिच्याशी बोलणं केलं. तिने आपल्या लोकांना शांत राहायला सांगितलं आणि त्यांनी ते ऐकलं. त्यानंतर ती आणखी बेचाळीस वर्षं जगली. २७ मार्च १९२३ ला, नव्वदीत, तिचा मृत्यू झाला. तिला ग्रेटाच्याच मातीत पुरलं.