तेहेतीस हवा, पण कोणत्या गेजची?

जानेवारीतली सकाळ. ग्वाल्हेरात थाटीपूरहून बाड्यापर्यंत येईतो मी एकाच टायरची हवा तीन ठिकाणी मोजून घेतली: 29, 33, 31 पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच, म्हणजे दाबाचं माप). चालताना टायर तापतो आणि आकडा चढतो, हे मान्य. पण चढून पुन्हा उतरतो कसा? दोष टायरचा नव्हता. पंपावरची गेजं, म्हणजे हवेचा दाब मोजायची साधनं, दिवसभर आपटतात, लोंबकळतात, धूळ खातात. त्याच दिवशी ठरवलं, गेज आपलं स्वतःचं हवं.

ग्वाल्हेरकरांना ते जास्तच हवं. मेमध्ये भर दुपारी 44 अंशांत, सावलीत उभ्या गाडीत तुम्ही 33 पीएसआय हवा भरलीत असं समजा. जानेवारीच्या पहाटे पारा 8 वर असताना तेच टायर किती दाखवेल? बंदिस्त हवेचा दाब केल्व्हिनमधल्या तापमानाच्या (सेल्सियस अंश अधिक 273) प्रमाणात कमी होतो, म्हणून 33 ला 281 ने गुणून 317 ने भागलं तर 29 येतात. हे उत्तर चूक आहे. गेज फक्त बाहेरच्या हवेपेक्षा जास्त असलेला दाब दाखवतं. पंक्चर टायरवर शून्य दिसतं तेव्हाही आत वातावरणाचा दाब असतोच. आपल्याकडे तो साधारण 14.4 पीएसआय. तो मिळवून 47.4 धरायचे, गुणाकार-भागाकार करायचा आणि मग 14.4 वजा करायचे. उरतात जेमतेम 27.6. शिवाय रबरातून महिन्याला एखादा पीएसआय आपसूक झिरपतो, तो वेगळाच. (नायट्रोजन भरल्यानं या हिशेबात फरक पडत नाही. साध्या हवेतही 78 टक्के नायट्रोजनच असतो.)

आता गेज कोणतं घ्यावं? डायलच्या गेजमागची कल्पना युजीन बुर्डों या फ्रेंच माणसानं 1849 मध्ये पेटंट केली. मेळ्यात पोरांच्या हातात गुंडाळलेली कागदी शिट्टी असते ना, फुंकली की सरळ होणारी? तसंच हे. धातूची चपटी, वाकवलेली नळी. आत दाब आला की ती किंचित उलगडते आणि दात्यांच्या मदतीनं काटा फिरतो. बॅटरी लागत नाही, पण जमिनीवर पडली की नळी बिघडू शकते, म्हणून रबरी आवरणाचं घ्यावं. पेनासारख्या स्वस्त गेजात स्प्रिंग आणि दट्ट्या असतो. आत धूळ गेली की तो अडखळतो. डिजिटलमध्ये सिलिकॉनचा पातळ पडदा ताणला की त्याचा विद्युतरोध बदलतो.

डिजिटलवर 32.5 दिसलं की माणूस खूश होतो. पण दशांश दिसणं आणि अचूक असणं यांचा संबंध नाही. खरी मेख पाकिटावरच्या बारीक अक्षरात असते. ‘2 टक्के अचूकता’ म्हणजे बहुधा वाचनाच्या नव्हे, तर पूर्ण पट्टीच्या 2 टक्के. 60 पर्यंतच्या डायलवर ही चूक 1.2 पीएसआय, 150 पर्यंतच्यावर चक्क 3! म्हणून आपल्या आकड्याच्या दुपटीपर्यंतची पट्टी पुरे. काटा मध्यावर येतो आणि डायल सहसा मध्यावरच सर्वात खरं बोलतो. मोटारीसाठी 60 चा डायल घ्या, ट्रकचा घेऊ नका.

घरी आणल्यावर एकच टायर पाठोपाठ पाचदा मोजा. आकडे अर्ध्या पीएसआयच्या आत राहिले तर गेज कामाचं. नेमानं एकच पीएसआय कमी दाखवणारं गेज मला चालतं, लहरी नको. माझ्या गेजनं एका ओळखीच्या टायरवाल्याच्या तपासून घेतलेल्या गेजपेक्षा 1 कमी दाखवला. तेव्हापासून पाठीवर मार्करनं ‘+1’ लिहिलंय.

मोजायचं सकाळी, गाडी किमान तीन तास उभी असताना. तोंड व्हॉल्व्हवर सरळ दाबायचं, फुस्स आवाज येत राहिला तर वाचन बाद. आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवरून घ्यायचा. टायरच्या कडेवर छापलेला असतो तो कमाल दाब, आणि हवावाल्याला तो सांगणारे महाभाग मी पाहिलेत.

आणि हो, स्टेपनी. मी पहिल्यांदा मोजली तेव्हा तिच्यात 14 निघाले.