न बधणारा मतदार : एका शोधाची पार्श्वभूमी

निवडणुकीचे दिवस आले की दोन तक्रारी हमखास कानावर येतात. एक अशी की लोक प्रचाराला भुलतात, मोबाइलवर आले ते खरे मानतात. दुसरी अशी की लोकांपुढे पुराव्यांचा ढीग घाला, ते आपले मत काही सोडत नाहीत. गंमत म्हणजे दोन्ही तक्रारी बहुधा एकच माणूस करतो, आणि दोन्ही अर्थातच इतरांबद्दल. यातले खरे काय, हे मोजून पाहण्याचा पहिला मोठा खटाटोप १९४० मध्ये अमेरिकेत झाला. तो झाला ती हवा आधी समजून घ्यावी लागते.

पहिल्या महायुद्धात उतरताना, १९१७ मध्ये, अमेरिकी सरकारने प्रचारासाठी खास समिती नेमली. तिचे सुमारे ७५ हजार स्वयंसेवक होते. सिनेमागृहात रीळ बदलेपर्यंत जी चार मिनिटे मिळत, तेवढ्यात हे लोक उभे राहून युद्धाच्या बाजूने भाषण ठोकत. युद्ध संपले आणि आपल्याला बनवले गेले, ही भावना मागे उरली. मग घरोघर रेडिओ आला, जर्मनीत हिटलर आला आणि खुद्द अमेरिकेत फादर कॉफलिन नावाचा एक पाद्री लाखो श्रोत्यांना रेडिओवरून ज्यूंविरुद्ध चिथावू लागला. १९३७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये प्रचाराची चिरफाड करणारी एक संस्थाच निघाली. तिने सात युक्त्यांची यादी केली : विरोधकावर शिक्का मारणे, गोंडस शब्द पेरणे, ‘मी तुमच्यातलाच’ असा आव आणणे, ‘सगळे इकडेच चाललेत’ असे भासवणे वगैरे. ही यादी आजच्या कुठल्याही व्हॉट्सॲप ग्रुपला लावून पाहावी, एकही कलम वाया जाणार नाही. अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरल्यावर संस्थेने १९४२ च्या सुरुवातीला गाशा गुंडाळला. सरकार स्वतःच प्रचार करणार म्हटल्यावर प्रचाराची चिरफाड कोणाला परवडणार होती!

या सगळ्यामागचे गृहीत एकच होते : ऐकणारा म्हणजे मातीचा गोळा, बोलणाऱ्याने हवा तसा घडवावा.

व्हिएन्नात जन्मलेले, गणितात डॉक्टरेट मिळवून समाजशास्त्राकडे वळलेले पॉल लाझार्सफेल्ड १९३३ मध्ये शिष्यवृत्तीवर अमेरिकेत आले. ऑस्ट्रियातले राजकारण बिघडले तसे तिथेच राहिले आणि रेडिओच्या श्रोत्यांचा अभ्यास करू लागले. १९४० ची अध्यक्षपदाची निवडणूक त्यांनी पकडली. डेमोक्रॅट फ्रँकलिन रूझवेल्ट तिसऱ्यांदा उभे होते, समोर रिपब्लिकन वेंडेल विल्की. ओहायो राज्यातली एरी काउंटी निवडली. सरोवराकाठचा भाग, थोडे शहर, थोडी शेती. आजवरच्या पाहण्या एकदाच जाऊन विचारून येत. लाझार्सफेल्ड आणि त्यांचे सहकारी बर्नार्ड बेरेलसन व हेझल गॉडेट यांनी ६०० जणांचा एक गट कायम ठेवला आणि मे ते नोव्हेंबर दर महिन्याला त्याच माणसांचे दार ठोठावले. मत बदललेले दिसले की विचारायचे, कशामुळे बदलले? काय वाचले, काय ऐकले, कोण भेटले? प्रचाराने मत पालटते तो क्षण रंगेहाथ पकडायचा, असा तो बेत.

पकडण्यासारखे फारसे काही घडलेच नाही. साधारण निम्म्या मतदारांचे मे महिन्यातच ठरले होते आणि ते शेवटपर्यंत हलले नाहीत. प्रचारामुळे एका पक्षाकडून सरळ दुसऱ्याकडे गेले असे लोक निघाले शंभरात आठ. रेडिओवरची भाषणे सर्वांत जास्त ऐकत होते ते आधीच ठरवून बसलेले लोक, आणि तेही आपल्याच बाजूची. ज्यांच्यासाठी हा सगळा घसा कोरडा केला जात होता, ते कुंपणावरचे मतदार राजकारणाच्या बातम्या लागल्या की बटण फिरवत. कुणाचे मत कुठे जाईल हे तीन गोष्टींवरून बऱ्यापैकी सांगता येत होते. खाऊनपिऊन सुखी, प्रोटेस्टंट, खेड्यातला असेल तर रिपब्लिकन. हातावर पोट, कॅथलिक, शहरातला असेल तर डेमोक्रॅट. ज्याच्या बाबतीत ही गणिते एकमेकांना छेद देत, म्हणजे श्रीमंत पण कॅथलिक, तो उशिरा ठरवी, किंवा त्याला निवडणुकीतच रस उरत नसे.

मला त्या अहवालातली खरी मोलाची गोष्ट वाटते ती वेगळीच. मताबद्दल बोलताना लोक वर्तमानपत्र-रेडिओपेक्षा माणसांचा हवाला जास्त देत. कामावरचा सोबती, मेहुणा, नाक्यावरचा दुकानदार. प्रत्येक थरात दोनचार जण असे असत की जे वाचत-ऐकत आणि मग बाकीच्यांना सांगत, आणि बाकीचे त्यांचे ऐकत, कारण ती माणसे ओळखीची होती. आपल्याकडे ‘केसरी’चा अंक गावात एक येई, वाचता येणारा तो मोठ्याने वाची आणि भोवती जमलेले ऐकत. त्या वाचणाऱ्याच्या सुरात, त्याच्या ‘बघा, काय म्हणाले!’मध्ये अर्धे मत तयार होत असणार. लाझार्सफेल्डना हे आकड्यांतून सापडले, एवढेच.

पण मग मते मुळात बनतात कशी? याचे सर्वांत बोलके उत्तर थोडे आधीच मिळू लागले होते, व्हरमाँट राज्यातल्या बेनिंग्टन कॉलेजात. १९३२ मध्ये निघालेले हे मुलींचे कॉलेज. विद्यार्थिनी श्रीमंत, रिपब्लिकन घरांतल्या. प्राध्यापक तरुण आणि रूझवेल्टच्या बाजूचे. थिओडोर न्यूकम तिथे शिकवत आणि मुलींच्या मतांची नोंद ठेवत. १९३६ च्या निवडणुकीत पहिल्या वर्षाच्या ६२ टक्के मुलींचा कौल रिपब्लिकन लँडन यांना होता. वरच्या दोन वर्गांत तो राहिला होता १५ टक्के. कॉलेजात कुणी प्रचारसभा घेतली नव्हती. जिथे मान मिळवायचा, मैत्रिणी जोडायच्या, तिथे जे विचार प्रतिष्ठेचे होते ते अंगात मुरले. ज्या मुली सुटीला घरी पळत, कॉलेजात फारशा मिसळत नसत, त्या बहुतेक आहेत तशाच राहिल्या. न्यूकम यांनी १९६० च्या सुमारास त्यांना पुन्हा गाठले. आता त्या चाळिशीतल्या, सुस्थितीतल्या गृहिणी. त्यांच्यासारख्या सुखवस्तू बायका रिपब्लिकन निक्सनच्या बाजूने असताना यांच्यातल्या बहुसंख्य डेमोक्रॅट केनेडींकडे होत्या. कारण तपासले तर दिसले की त्यांनी नवरे आणि मैत्रिणी आपल्याच मताचे निवडले होते.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लष्कराला हे सगळे पुरेसे नव्हते. त्यांना सैनिकाचे मन वळवायचे होते. येल विद्यापीठातले कार्ल हॉवलंड यांनी लष्कराने काढलेले चित्रपट जवानांना दाखवून मोजमाप केले. माहिती वाढली. काही मते थोडी सरकली. लढण्याची ऊर्मी होती तेवढीच राहिली. १९४५ च्या सुरुवातीला त्यांनी आणखी एक प्रयोग केला : जर्मनी पडली तरी जपानशी युद्ध लांबेल, हे काहींना एकतर्फी सांगितले, काहींना विरुद्ध बाजूही मांडून सांगितले. आधीपासून विरुद्ध मत असलेल्यांना आणि जास्त शिकलेल्यांना दुसरी पद्धत पटली. पुढे आणखी एका प्रयोगात दिसले की ज्यांनी दोन्ही बाजू ऐकल्या होत्या ते नंतरच्या उलट प्रचारापुढेही टिकले. एकतर्फी ऐकलेल्यांचे मन लगेच पुन्हा फिरले.

हा धागा विल्यम मॅग्वायर यांनी उचलला, आणि त्यामागे एक राष्ट्रीय धक्का होता. कोरियन युद्ध संपल्यावर २१ अमेरिकी युद्धकैद्यांनी मायदेशी परतायला नकार दिला. चिन्यांनी मेंदू धुतला, अशी एकच ओरड झाली आणि शाळांत देशप्रेमाचे धडे वाढवा अशी मागणी आली. मॅग्वायर यांनी उलटा विचार केला. ज्या मतावर आयुष्यात कधी हल्लाच झाला नाही ते मत सर्वांत कच्चे, कारण त्याचा बचाव करायची वेळच आलेली नसते. प्रयोगासाठी त्यांनी राजकारण टाळून अगदी निरुपद्रवी समजुती घेतल्या. जेवणानंतर दात घासणे चांगले, ही त्यातली एक. याविरुद्ध लेख वाचायला दिला की लोकांचा विश्वास भराभर ढासळे. आधी त्या समजुतीचे नुसते गुणगान ऐकवले तर फारसा उपयोग होत नसे. विरोधातले एखाददुसरे दुबळे मुद्दे आणि त्यांची खोडून काढलेली उत्तरे आधी दिली, तर मात्र पुढचा मोठा हल्ला परतवला जाई. देवीची लस जसे काम करते तसेच, असे त्यांनी म्हटले आणि १९६० च्या दशकात त्याचा सिद्धान्त केला. धड्यांची मागणी करणाऱ्यांनी तो वाचला असावा असे वाटत नाही.

पुण्यातही याच सुमारास मतदारांची दारे ठोठावली जात होती. पुणे विद्यापीठाचे प्रा. सिरसीकर यांनी १९६२ च्या निवडणुकीत पुण्यातल्या मतदाराच्या वर्तनाचा अभ्यास केला. भारतातल्या अशा सुरुवातीच्या अभ्यासांपैकी तो एक. मतदारसंघही अभ्यासाला साजेसा होता. १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत समितीचे ना. ग. गोरे निवडून आले, १९६२ मध्ये काँग्रेसचे शंकरराव मोरे, तर १९६७ मध्ये समाजवादी एस. एम. जोशी. दर पाच वर्षांनी पुणेकरांनी नव्याने विचार केला, असे यावरून म्हणता येईल. मला ते खरे वाटत नाही. १९५७ मध्ये आख्खे वाडे आणि आख्ख्या पेठा एकदम हलल्या होत्या. त्यात वेगळे राहणेच अवघड होते. राज्य मिळाले, तो प्रश्न संपला, आणि माणसे आपापल्या जुन्या पक्षांकडे परतली.

अमेरिकेत पुढची काही दशके पक्षनिष्ठा घरातूनच वारशाने येते, लोक विरुद्ध पुरावाही आपल्या सोयीने वाचतात, हे तपशिलात भरले जात राहिले. २०१० मध्ये त्यावर कळस चढला. इराकमध्ये महासंहारक शस्त्रे होती, या समजुतीची दुरुस्ती वाचून काही लोक उलट अधिकच ठाम झाले, असे एका प्रयोगात आढळले. वर्तमानपत्रांनी ते डोक्यावर घेतले : पुरावा दिला की माणूस आणखी हट्टी होतो! २०१९ मध्ये दोन संशोधकांनी दहा हजारांहून अधिक लोकांवर ५२ मुद्दे तपासले, तेव्हा तसे काही सर्रास दिसले नाही. लोक चुकीची माहिती दुरुस्त करून घेतात. मत मात्र बदलत नाहीत. आकडा मान्य, नेता तोच.

मग मन वळतच नाही का? २०१४ मध्ये एका गाजलेल्या शोधनिबंधाने दारोदारच्या संवादाने वळते असा दावा केला. त्यातली माहितीच बनावट असल्याचा संशय दोन तरुण संशोधकांनी चव्हाट्यावर आणला आणि २०१५ मध्ये तो मागे घेण्यात आला. कौतुक असे की त्याच दोघांनी, डेव्हिड ब्रूकमन आणि जोशुआ काला यांनी, मायामीत तसाच प्रयोग प्रामाणिकपणे केला. तृतीयपंथीयांविषयीच्या पूर्वग्रहाचा विषय. कार्यकर्ते साधारण दहा मिनिटे बोलत, पण मुद्दे मांडत नसत. तुम्ही वेगळे आहात म्हणून तुम्हाला कधी कुणी हिणवले होते का, असे विचारत आणि ऐकत बसत. पूर्वग्रह कमी झाला, आणि तीन महिन्यांनंतरही तो कमीच होता. याच दोघांनी नंतर नेहमीच्या प्रचाराचे ४९ प्रयोग एकत्र तपासले. अमेरिकेच्या सार्वत्रिक निवडणुकांत पत्रके, फोन, जाहिराती यांनी मत फिरण्याचा सरासरी परिणाम शून्याच्या आसपास निघाला. एरी काउंटीपेक्षाही वाईट.

भारतात सुमित्रा बद्रीनाथन यांनी २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी बिहारमध्ये १,२२४ जणांवर प्रयोग केला; त्यातल्या काहींना घरी जाऊन खोट्या बातम्या ओळखण्याचे तासाभराचे शिक्षण दिले. एकूण फरक पडला नाही. सत्ताधारी पक्षाचे समर्थक तर आपल्या बाजूच्या खोट्या बातम्या ओळखण्यात मागे पडले. पुढे याच विषयावर त्या आणि त्यांचे सहकारी बिहारमध्येच शाळकरी मुलांकडे गेले. ‘जीविका’ या सरकारी उपक्रमाच्या ग्रंथालयांत तेरा हजारांहून अधिक मुलामुलींवर हा प्रयोग झाला. यावेळी एका तासात उरकले नाही; काही आठवड्यांच्या अंतराने वर्ग भरले, शिक्षक तेच, सोबत वर्गमित्र. विषय मुख्यतः आरोग्याच्या अफवांचा, म्हणजे कुणाच्या पक्षाला धक्का न लावणारा. चार महिन्यांनी तपासले तेव्हा शिकलेले टिकले होते, आणि मुले ते राजकीय बातम्यांनाही लावू लागली होती. वर्गात कधी न बसलेले त्यांचे आईवडीलही खरेखोटे ओळखण्यात सुधारले होते.