लाकडाला इपॉक्सी लावायचं कुठून सुरू झालं

रिव्हर टेबलमुळे, म्हणजे दोन फळ्यांमध्ये नदीसारखं रंगीत इपॉक्सी ओतलेल्या टेबलामुळे, बऱ्याच जणांना इपॉक्सी (दोन भाग मिसळले की कडक होणारं रेझिन) म्हणजे शोभेचं काम वाटतं, पण मुळात हा सगळा खटाटोप लाकडात पाणी शिरू नये म्हणून आहे, आणि मुंबईला तो नवीन नाही. वाडिया या जहाजं बांधणाऱ्या पारशी घराण्याने इथल्या गोदीत सागाची जहाजं बांधली, त्यातलं 1817 चं ट्रिंकोमाली आजही इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर उभं आहे. साग मुळातच तेलकट, म्हणून टिकतो. आणि कोकणात होड्यांना काजूच्या टरफलाचं तेल चोपडायचे, पाणी आणि कीड दोन्हीसाठी.

इपॉक्सी मात्र लाकडासाठी जन्मलंच नाही. 1930 च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये पिएर कास्तान दातांच्या कवळ्यांसाठी मटेरियल शोधत होता, त्यातून हे रेझिन निघालं, पुढे सिबा कंपनीने घेतलं आणि 1946 मध्ये अराल्डाइट नावाने बाजारात आणलं, तेही मुख्यतः धातू चिकटवायला. लाकडाकडे खरं वळलं ते अमेरिकेत, मिशिगनच्या बे सिटीत. तिथल्या गुजन भावांनी 1969 मध्ये बोटी बांधायचा धंदा काढला आणि फळ्या इपॉक्सीने जोडून आतून-बाहेरून सील करायला लागले.

यात एक गैरसमज अजून चालतो, की इपॉक्सी लाकडात खोलवर मुरतं. चांगल्या लाकडात ते पृष्ठभागावरच राहतं, कापलेल्या टोकाकडून थोडं आत जातं, बस्स. ताकद येते ती लाकूड कोरडं राहिल्यामुळे, कारण ओलावा वीस टक्क्यांच्या खाली असला की कुजवणारी बुरशी वाढत नाही. म्हणून गिरगावातल्या जुन्या चाळीच्या तुळईला ते नुसतं वरून फासून काही होत नाही, भिंतीत गेलेलं टोक बघावं लागतं, वरून ठणठणीत दिसतं आणि स्क्रूड्रायव्हर टोचला की सरळ आत जातो. आधी कुजलेलं काढायचं, लाकूड पूर्ण वाळू द्यायचं, मगच रेझिन. ओलं असताना सील केलं तर पाणी आतच कोंडतं आणि कूज चालूच राहते. उन्हात तर इपॉक्सी पिवळं पडतं, वर उन्हातले यूव्ही किरण रोखणारं व्हार्निश लागतंच.

पावसाळ्यात आपल्याकडे अजून एक त्रास होतो, हार्डनर म्हणजे रेझिन कडक करायला त्यात मिसळतात तो दुसरा भाग, तो साधा अमाइन प्रकारचा असला तर दमट हवेत कोटवर मेणचट थर येतो, हा थर पाण्याने घासून काढल्याशिवाय पुढचा कोट धरत नाही. फिनाल्कामाइन नावाचे हार्डनर या बाबतीत बरेच बरे, दमट हवेतही नीट सुकतात, म्हणून जहाजांच्या रंगांत खूप वापरतात. ते बनतात कार्डेनॉलपासून, आणि कार्डेनॉल काढतात काजूच्या त्याच टरफलाच्या तेलातून.