शिवशिवणारे हात आणि पहिलं प्रवाळ

खाऱ्या पाण्याच्या टाकीतलं पहिलं प्रवाळ दुर्लक्षामुळे क्वचितच मरतं. ते मरतं जास्तीच्या काळजीमुळे. गोड्या पाण्यातले मासे पाळलेल्या माणसाला रोज काहीतरी करायची सवय असते: खाणं टाकायचं, दगड हलवायचे, पाणी बदलायचं. प्रवाळाला यातलं बरंचसं मानवत नाही. त्याला हवं असतं कालच्यासारखंच आजचं पाणी.

सुरुवात सारकोफायटनपासून करावी, असं माझं मत. दुकानात त्याला 'लेदर' किंवा 'टोडस्टूल' म्हणतात. जाड देठ, त्यावर कडांना दुमडलेली मांसल टोपी आणि टोपीभर बारीक पॉलिप, म्हणजे फुलासारखे उघडणारे इवले जीव. भिंगातून पाहिलं तर प्रत्येक पॉलिपला मोजून आठ संस्पर्शक (बोटांसारखे बारीक अवयव) दिसतात आणि प्रत्येक संस्पर्शकाच्या दोन्ही कडांना पिसासारखी झालर. हे मऊ प्रवाळ आहे. दगडी प्रवाळासारखा चुन्याचा सांगाडा ते बांधत नाही; अंगात फक्त चुन्याचे सूक्ष्म काटे विखुरलेले असतात. त्यामुळे पाण्यातलं कॅल्शियम ते भराभर संपवत नाही, आणि नवशिक्याची अर्धी डोकेदुखी तिथेच कमी होते.

दिसायला झाडासारखं असलं तरी हा प्राणी आहे. मात्र त्याच्या पेशींमध्ये एकपेशीय शैवालं राहतात. ती प्रकाशात साखर तयार करतात आणि तिचा मोठा वाटा यजमानाला देतात. म्हणून दिवा म्हणजेच जेवण. पण अति तिथे माती. प्रकाश झेपेनासा झाला की शैवालांच्या प्रकाशसंश्लेषणाच्या यंत्रणेतून ऑक्सिजनची घातक रूपं बाहेर पडू लागतात आणि प्रवाळ त्या शैवालांनाच हाकलून देतं. रंग उडतो, पांढरेपणा येतो. समुद्रात पाणी तापल्यावर जे 'ब्लीचिंग' होतं तेच हे, फक्त आपल्या दिवाणखान्यात. त्यामुळे नवं प्रवाळ आधी टाकीच्या तळाशी ठेवावं आणि दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वर आणावं. रंग तपकिरी होत चालला तर प्रकाश कमी पडतोय; पांढरा पडू लागला तर जास्त होतोय.

आता पाणी. क्षारता ३५ च्या आसपास, म्हणजे दर किलो पाण्यात ३५ ग्रॅम क्षार. तापमान २४ ते २६ अंश सेल्सिअस. अमोनिया आणि नायट्राइट ही घाणीतून तयार होणारी विषारी द्रव्यं शून्य. टाकी भरल्यावर अमोनिया पचवणारे जिवाणू वाढायला सहसा चार ते सहा आठवडे लागतात. तोवर प्रवाळ आणूच नये. नायट्रेट मात्र शून्यावर नेण्याचा हट्ट धरू नका. थोडंसं नायट्रेट आणि फॉस्फेट त्या शैवालांना लागतंच, आणि पाणी फार 'स्वच्छ' केलेल्या टाकीत डायनोफ्लॅजेलेट नावाच्या एकपेशीय जीवांचा तपकिरी चिकट थर सगळीकडे पसरू शकतो.

आपल्याकडे खरी कसोटी उन्हाळ्यात लागते. परदेशी मार्गदर्शनात हीटरवर पानंच्या पानं असतात. मुंबईत मे महिन्यात खोलीच ३२ अंशांवर असते आणि पंप, दिवे त्यात भर घालतात. पाण्यावर छोटा पंखा लावला तर बाष्पीभवनाने तापमान दोन-तीन अंश उतरू शकतं. पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात हा उपाय चांगला चालतो, किनाऱ्यावरच्या दमट हवेत कमी. तिथे शेवटी चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) किंवा खोलीचा एसी.

पण पंखा लावला की दुसरी गोष्ट सुरू होते. वाफ होते ती फक्त पाण्याची. मीठ टाकीतच राहतं. १०० लिटरच्या टाकीतून तीन लिटर उडाले की क्षारता ३५ वरून ३६ वर जाते. तेवढेच तीन लिटर ४० लिटरच्या टाकीतून गेले तर ती जवळजवळ ३८ होते. 'छोटी टाकी सोपी' हा समज इथेच उघडा पडतो. ही तूट भरायची ती आरओ-डीआय यंत्रातून (पाण्यात विरघळलेले क्षारही काढून टाकणाऱ्या) गाळलेल्या गोड्या पाण्याने, आणि रोज थोडी थोडी. खारं पाणी ओतलं की मीठ वाढतच जातं. नळाचं पाणी तर नकोच: त्यात क्लोरीन असतं, कधी पाइपांतून आलेलं तांबंही, आणि तांब्याचा अंशसुद्धा प्रवाळांना विषासमान असतो. माशांच्या काही औषधांतही तांबं असतं. बाटलीवरचं लेबल वाचल्याशिवाय थेंबही टाकू नये.

एवढं सगळं नीट केलं तरी एके सकाळी सारकोफायटन रुसल्यासारखं दिसेल. सगळे पॉलिप आत, टोपी आकसलेली, वर मेणासारखा चकाकता पापुद्रा. नवशिक्याचा जीव टांगणीला लागतो तो इथे. मग जागा बदल, निम्मं पाणी बदल, आयोडीन टाक, असा सपाटा सुरू होतो. खरं तर ते कात टाकतंय. अंगावर बसलेला गाळ आणि शैवाल झटकण्याची ही त्याची रीत. काही दिवस, कधी आठवडा-दोन आठवडे हे चालतं. मग पापुद्रा सुटून प्रवाहाबरोबर वाहून जातो आणि पॉलिप पुन्हा फुलतात. आपण फक्त प्रवाह पुरेसा आहे ना, तेवढं पाहायचं. काळजी करावी ती कुठे मऊ, काळपट भाग सडू लागला आणि दुर्गंधी आली तरच.

शेजाऱ्यांच्या बाबतीत हा प्राणी तितका सोज्वळ नाही. तो पाण्यात टर्पीन वर्गातली रसायनं सोडतो आणि त्यामुळे जवळपासच्या दगडी प्रवाळांची वाढ खुंटू शकते. मध्ये मोकळी जागा सोडावी आणि ती रसायनं शोषून घ्यायला फिल्टरमध्ये सक्रिय कोळसा ठेवावा.

दुकानदार बहुधा झोअँथिडही दाखवतील, म्हणजे बटणांसारख्या पॉलिपांचे प्रवाळांचे नातेवाईक. रंगीत, स्वस्त, चिवट. घ्यायला हरकत नाही, पण त्यांच्यातल्या काही जातींत, विशेषतः पॅलिथोआ या गटात, पॅलिटॉक्सिन हे अत्यंत जहाल विष असतं. १९७१ मध्ये हवाई बेटांवरच्या पॅलिथोआतून ते वेगळं केलं गेलं. पेशीतल्या क्षारांचा तोल सांभाळणारा सोडियम-पोटॅशियम पंप ते बिघडवतं. त्यामुळे हाताळताना हातमोजे आणि चष्मा हवाच. आणि नको असलेले पॉलिप मारण्यासाठी तो दगड उकळण्याचा उद्योग कधीही करू नये; वाफेतून विष श्वासात जाऊन माणसं रुग्णालयात पोहोचली आहेत.

घेण्यापूर्वी कायद्याचंही पाहायला हवं. सगळी दगडी प्रवाळं, काळी प्रवाळं, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघ आहे त्याच यादीत. मालवणच्या खडकावरून एखादा तुकडा उचलून आणणं हा गुन्हाच आहे. दुकानातून घ्यायचं तर टाकीत वाढवलेला तुकडाच घ्यावा आणि विक्रेत्याकडे कागदपत्रं मागावीत. तो टाळाटाळ करू लागला तर उठून यावं.

सारकोफायटन रुळलं की ते मोठं होतं, कधीकधी टाकीला न मावण्याइतकं. तेव्हा मात्र हात घालायला मुभा आहे. धारदार ब्लेडने टोपीचा तुकडा कापला तरी राहिलेल्या देठावर नवी टोपी येते. कापलेल्या तुकड्याला सुपरग्लू धरत नाही, कारण अंगावरचा चिकट स्राव त्याला सोडवून टाकतो. म्हणून तो दगडाच्या खपल्यांवर ठेवून वरून सैल जाळी बांधायची. आठवड्या-दोन आठवड्यांत तो स्वतःच चिकटतो. कापताना ती टर्पीन वर्गातली रसायनं एकदम पाण्यात येतात, तेव्हा हे काम टाकीबाहेर वेगळ्या भांड्यात करावं आणि त्या दिवशी फिल्टरमधला कोळसा नवा घालावा.