कामाला मुदत, बिलाला नाही

नाशिकच्या डाव्या कालव्याला आळंदी नदी ओलांडून न्यायची होती. त्यासाठी जलसेतूचं कंत्राट दिलं गेलं. किंमत १,०७,००० रुपये, मुदत १२ महिने, कामाचा आरंभ जुलै १९५५. जुलै म्हणजे ऐन पावसाळा, तेव्हा सुरुवातच रखडली हे वेगळं सांगायला नको. वर्ष उलटलं, काम अपुरं राहिलं, आणि ऑगस्ट १९५६ मध्ये सरकारी खात्याने करार रद्द केला. कंत्राटदार कोर्टात गेला. शेवटचा निकाल सर्वोच्च न्यायालयातून आला तो १९७९ मध्ये.

हिंद कन्स्ट्रक्शन विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा तो खटला. मुदतवाढीवर भांडण झालं की आजही वकील तो पुढे करतात. प्रश्न होता, करारात तारीख लिहिली म्हणजे ती ओलांडताच करार मोडता येतो का? न्यायालयाने करारातलीच कलमं वाचली. मुदतवाढ देण्याची सोय त्यात होती आणि उशिराबद्दल दर दिवसाचा दंडही होता. उशीर झाला तरी काम पुढे चालेल हे दोन्ही बाजूंनी धरलेलं होतं, मग तारीख हा कराराचा गाभा कसा? वाजवी मुदत देऊन आणि तशी नोटीस बजावून खात्याला तारीख पक्की करता आली असती. ते न करता करार रद्द केला, तो बेकायदा ठरला.

याचं मूळ १८७२ च्या करार कायद्यातल्या कलम ५५ मध्ये आहे. त्यातला एक बारकावा साइटवर फार कमी लोकांना माहीत असतो. उशिराचं काम स्वीकारताना भरपाई मागण्याचा इरादा कळवला नाही, तर ती नंतर मागता येत नाही. मुदतवाढीच्या पत्रात ‘दंडाचा हक्क राखून’ असे शब्द येतात ते यासाठी. कंत्राटदार मुदतवाढ मिळाली म्हणून खूश होतो, आणि अंतिम बिलातून रक्कम कापली जाते तेव्हा त्याला ते शब्द दिसतात.

भरपाई किती, याचं सूत्र कलम ७३ मध्ये आहे. ते इंग्लंडमधल्या १८५४ च्या एका खटल्याची आठवण करून देतं. ग्लॉस्टरच्या गिरणीचा शाफ्ट मोडला, तो नमुना म्हणून ग्रिनिचला पाठवला, वाहतूकदाराने उशीर केला. तेवढे दिवस गिरणी बंद राहिली, पण बुडालेला नफा मालकाला मिळाला नाही, कारण शाफ्टवाचून गिरणी ठप्प आहे हे वाहतूकदाराला नीट सांगितलेलंच नव्हतं.

आधीच ठरवून ठेवलेल्या दंडाचं कलम ७४. त्यावर न्यायालयं बराच काळ मागेपुढे झाली. २००३ च्या सॉ पाइप्स प्रकरणात युरोपातल्या पोलाद कामगारांच्या संपामुळे पाइप उशिरा आले. ते मागवणाऱ्या ओएनजीसी या सरकारी तेल कंपनीने मुदत वाढवून दिली, पण बिलातून रक्कम कापली. नुकसान सिद्ध झालं नाही म्हणून लवादाने ती परत करायला सांगितली. सर्वोच्च न्यायालयाने कपात योग्य ठरवली. २०१५ मध्ये कैलाशनाथ प्रकरणात त्याच न्यायालयाने बजावलं, की नुकसान सिद्ध करता येण्यासारखं असेल तिथे ते सिद्ध करावंच लागेल.

हे सगळं काम उशिरा होण्याबद्दल. पैसे उशिरा देण्याबद्दल खास कायदा यायला १९९३ उजाडलं, आणि तोही फक्त लघुउद्योगांपुरता. २००६ च्या एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या कायद्याने जास्तीत जास्त ४५ दिवसांची मर्यादा घातली. त्यापुढे रिझर्व्ह बँक जाहीर करते त्या व्याजदराच्या, म्हणजे बँक रेटच्या, तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. कागदावर तरी जबरदस्त.

पण बांधकामाच्या कंत्राटदाराने तो हातात घेतला की अडचण येते. २०१७ मध्ये स्टर्लिंग अँड विल्सन प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने म्हटलं, की माल आणि मजुरी एकत्र असलेलं वर्क्स कॉन्ट्रॅक्ट या कायद्यात बसत नाही. म्हणजे सिमेंट पुरवणाऱ्या लघुउद्योजकाला तिप्पट व्याज मागता येतं, त्याच सिमेंटचा पूल बांधणारा मात्र झालेल्या कामाची मोजमाप पुस्तिका, टप्प्याटप्प्याने निघणारं रनिंग बिल आणि निधी येण्याची वाट यांतच अडकलेला. २०२५ मध्ये राज्यातल्या कंत्राटदार संघटना थकीत बिलांसाठी रस्त्यावर उतरल्या, तेव्हा त्यांच्या निविदांत दंडाचं कलम होतंच. बिल किती दिवसांत द्यायचं, याचं तेवढंच कडक कलम शोधायला गेलं तर हाती फारसं लागत नाही.